दिघीपलीकडचा डोंगर

घशाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. सव्वीस वर्षं पनवेलच्या एका शाळेत भूगोल शिकवला, त्याची ही कमाई. स्वरतंतूंवर गाठी आल्या, त्या काढल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं अगदी कमी, कुजबुजणं तर नाहीच, त्यानं जास्त ताण येतो. मी शाळेतून रजा घेतली. घरात माणसं काही विचारायला आली की मान हलवायची किंवा वहीत लिहून दाखवायचं. नवरा ऑफिसला, मुलगी पुण्याला. दिवसभर स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस किती विचित्र होतं, ते मला तेव्हा कळलं.

जानेवारीत धाकट्या भावाचा फोन आला. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. गेल्या तीनेक वर्षांत त्यानं दोन नोकऱ्या बदलल्या होत्या आणि आता कुठल्यातरी कन्सल्टन्सीत होता. भेटी सणावारीच.

"ताई, सायकल काढ," तो म्हणाला. "चार दिवस समुद्राच्या कडेनं जाऊ. मांडव्याला उतरायचं, खाली दिवेआगरपर्यंत जायचं. मधे डोंगर चढू. आणि सायकलवर बोलावं लागत नाही."

मी हसले. फोनवर हसण्याचा आवाजही नीट निघाला नाही. पण त्याला कळलं असावं.

लहानपणी आम्ही दोघं एकाच सायकलवर उरणच्या बाजूच्या आमच्या गावात फिरायचो. तो पुढच्या दांडीवर, मी पॅडल मारायला. खाजणाच्या बांधावरून मिठागरांपर्यंत. ते गाव आता जागेवर आहे, पण शेतं नाहीत. बंदर आलं, रस्ते आले, आमची भातजमीन त्यात गेली. त्याला ते फार आठवत नाही असं तो म्हणतो. मला आठवतं.

पहिला दिवस सोपा होता. रो-रो बोटीतून मांडव्याला उतरलो, अलिबाग मागे टाकलं आणि संध्याकाळी रेवदंड्याजवळ एका नारळी-पोफळीच्या वाडीत मुक्काम केला. तिथल्या वहिनींनी मला गरम पेज दिली, तिखट काही वाढलं नाही. भावानं त्यांना आधीच फोन करून माझ्या घशाचं सांगून ठेवलं होतं. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी खाडीवरचा पूल ओलांडला. कोर्लई, मग चढ-उतारांचा रस्ता, काशीद, नांदगाव, मुरूड. उजव्या हाताला सतत समुद्र. चढावर माझी दमछाक व्हायची, मी उतरून सायकल ढकलायचे. भाऊ पुढे जाऊन थांबायचा. फोन त्यानं हँडलवर स्टँडमध्ये बसवला होता. थांबला की तो काढायचा आणि फोटो घ्यायचा.

मुरूडच्या अलीकडे एका वळणावर मला एक गोष्ट जाणवली. गाडीतून उतरलेली माणसं समुद्राकडे तोंड करून उभी होती, फोटो काढत होती. आणि माझा भाऊ समुद्राकडे पाठ करून उभा होता. तो डोंगराचा फोटो घेत होता. साधा उघडा उतार, वाळलेलं गवत, एक पायवाट, खाली चार घरं. मी हाताच्या खुणेनं विचारलं, काय आहे तिथं?

"छान आहे ना उजेड," तो म्हणाला.

उजेड दुपारचा होता, पांढराफटक. पण मी काही लिहून विचारलं नाही. वही पिशवीच्या तळाशी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आगरदांड्याहून दिघीला जायच्या बोटीत चढलो. दोन टेम्पो, एक जीप, काही दुचाक्या. शेजारी एक पन्नाशीचा माणूस स्कूटर घेऊन उभा होता. मागे मासळीचे रिकामे क्रेट बांधलेले, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर.

"कुठं?" त्यानं भावाला विचारलं.

"दिवेआगर. तीन दिवस किनाऱ्यानंच येतोय. मधे एखादा डोंगर चढायचाय."

"सायकलवर? हौसंनं?"

"हौसेनंच."

माणूस स्टँडमधल्या फोनकडे बघत राहिला. "त्यो चालू हाय काय?"

"रस्ता दाखवतो तो," भाऊ हसून म्हणाला.

"रस्ता येकच हाय," माणूस म्हणाला. तो हसला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, तुमी कुठल्या?" मी घशाकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवली. त्यानं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, स्कूटर स्टँडवर लावली आणि कठड्याजवळ जाऊन कुणाला तरी फोन केला. बोलताना त्यानं आमच्याकडे पाठ केली होती. दोन-तीन वाक्यं बोलला असेल. बोट धक्क्याला लागली तेव्हा तो सगळ्यांच्या आधी उतरून गेला.

दिघीच्या पुढच्या त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो. खाली काळे खडक आणि लाटा, वर काजू आणि गवत. थंडी होती तरी ऊन लागायला लागलं होतं. पहिल्या वस्तीत चहाची टपरी दिसली, आम्ही थांबलो.

"दूध न्हाय," टपरीवरची बाई म्हणाली.

तिच्या मागे शेगडीवर दूध उतू जायला आलं होतं. तिनं मागे न बघता हात नेऊन गॅस बंद केला.

"कोरा चालेल," भाऊ म्हणाला.

"पत्ती पन न्हाय."

आम्ही निघालो. पुढे नळावर दोन बायका हंडे भरत होत्या. आम्हाला बघून त्यांनी अर्धे भरलेले हंडे उचलले आणि घरांमधल्या बोळात गेल्या. नळ चालूच राहिला होता. मी उतरून तो बंद केला. बंद करताना मला वाटलं, कुणीतरी बघतंय. समोरच्या घराच्या ओटीवर एक म्हातारा बसला होता. मी हात जोडले. त्यानं जोडले नाहीत.

रस्त्याकडेच्या आंब्यांच्या बुंध्यांवर चुन्यानं आकडे टाकलेले होते. एका घराच्या भिंतीवरही होता, पण त्यावर कुणीतरी शेणाचा हात फिरवला होता. आकडा खालून तरीही दिसत होता. एक मोटरसायकल आमच्या मागून आली, पुढे गेली, थोड्या वेळानं समोरून आली. मग पुन्हा मागून. चालवणाऱ्यानं एकदाही हॉर्न दिला नाही.

मी भावाला हातानं थांबवलं. घसा न ताणता, जेमतेम आवाजात म्हणाले, "परत जाऊ या का?"

"अगं, खेड्यात माणसं बघतातच. आपण काय चोर आहोत?" तो म्हणाला. "डोंगर चढू, दोन तासांत खाली. वरून दिसणारी खाडी बघ एकदा, तुझा भूगोल सार्थकी लागेल."

गावाबाहेर एक लहान देऊळ होतं, पत्र्याचं छप्पर, पुढे ओटा. सायकली तिथं लावल्या आणि पायवाटेनं निघालो. पहिला तास चांगला गेला. काजूला मोहर होता, त्याचा वास येत होता. आवाज फक्त आमच्या पावलांचा आणि सुक्या पानांचा. नेहमी डोंगरात गुराखी भेटतो, मोळी घेऊन उतरणारी बाई भेटते. इथं गवत ताजं कापलेलं होतं, पेंढ्या बांधून ठेवलेल्या होत्या, एका पेंढीजवळ पाण्याची बाटली होती, अजून ओली. माणूस मात्र एकही नव्हतं.

थोडं वर गेल्यावर दगडांचा ढीग लागला. चौकोनी घडलेले, वरच्या टोकाला लाल रंग दिलेले, प्रत्येकाला मातीचा ओला लगदा चिकटलेला. जमिनीतून उपटून आणून एकावर एक फेकलेले. शेजारी उतारावर ठरावीक अंतरावर खड्डे होते.

भाऊ खाली वाकला. त्यानं फोन काढला आणि खड्ड्याचा फोटो घेतला. मग दुसऱ्या खड्ड्याचा. मला म्हणाला, "ताई, जरा इथं उभी राहा. हां, ढिगाच्या बाजूला. बघ इकडे." मी उभी राहिले. केस सारखे केले.

त्यानं फोन खाली घेतला तेव्हा मी त्याच्याजवळ गेले होते, फोटो कसा आला बघायला. पडद्यावर फोटो नव्हता. नकाशा होता. त्यावर आखलेले जमिनीचे तुकडे, प्रत्येकात आकडा, आणि जिथं जिथं आम्ही थांबलो होतो तिथं तिथं एक निळा ठिपका. मुरूडच्या अलीकडचं ते वळणसुद्धा. मी आयुष्यभर नकाशे शिकवले आहेत. तो नकाशा वाट शोधायचा नव्हता.

"हे काय आहे?"

"ट्रेकचं ॲप आहे." त्यानं फोन खिशात टाकला. "चल, माथा आलाच."

माथ्यावर वारा होता. खाली खाडीचं तोंड, पलीकडचा किनारा, गावाची कौलं, वालाची हिरवी शेतं. सगळं स्पष्ट दिसत होतं. भाऊ एका बाजूला जाऊन फोनवर काहीतरी करत होता. मला बसावंसं वाटेना.

तेवढ्यात खालून शीळ आली. लांब, एकच. दुसऱ्या उतारावरून तिला उत्तर आलं.

आणि मग मला माणसं दिसली. तीन बाजूंनी वर येत होती. घाई नव्हती त्यांना. बहुतेक बायकाच, गवत कापणाऱ्या, कमरेला पदर खोचलेला, हातात कोयते होते तसेच. ज्या पेंढ्यांजवळ मला कुणी दिसलं नव्हतं, तिथूनच त्या निघाल्या होत्या.

भावानंही पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. "पलीकडून उतरू," तो म्हणाला.

"का?"

"आता विचारू नकोस, ताई. चल."

आम्ही पलीकडच्या वाटेला लागलो. शंभरेक पावलांवर वाट करवंदीच्या ताज्या तोडलेल्या काट्यांनी बंद केलेली होती. पानं अजून सुकलीही नव्हती. म्हणजे आम्ही चढत असतानाच कुणीतरी ती तोडली होती. आम्ही मागे वळलो आणि आल्या वाटेनं खाली उतरलो. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी चालत राहिली. कुणी हात लावला नाही, कुणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

देवळाजवळ सायकली नव्हत्या. ओट्यावर तीसेक माणसं जमली होती आणि त्यांच्यात मफलरवाला, बोटीतला माणूस होता. शेजारी एक म्हातारी बसली होती, सत्तरीची असेल, बारीक, ताठ. सगळे तिच्याकडे बघून गप्प होत होते.

"बसा," ती म्हणाली. आम्ही बसलो.

"फोन दे," मफलरवाला भावाला म्हणाला.

"का म्हणून? सार्वजनिक रस्ता आहे. फोटो काढायला बंदी आहे का?" भावाचा आवाज ऑफिसातला झाला होता. "आम्ही पर्यटक आहोत. माझी बहीण आजारी आहे."

"मंग समिंदराचा फोटो दाव," मफलरवाला म्हणाला. "तीन दिस किनाऱ्यानं आलाय ना? एक दाव."

भाऊ फोन काढून चाळू लागला. बोट सरकत राहिलं, सरकत राहिलं. सगळे वाट बघत होते. मीही.

"बरं, बहिनीचा दाव."

एक सापडला. त्यानं तो पुढे धरला. मी दगडांच्या ढिगाजवळ उभी होते, केस सारखे केलेली, पण फोटोच्या पार कडेला, अर्धा खांदा कापलेला. मधोमध लाल टोकाचे मोजणीचे दगड होते आणि त्यामागे खड्ड्यांची रांग. कुणीतरी मागून हसलं, पण ते हसू लगेच विरलं.

म्हातारी माझ्याकडे वळली. "बाय, तू कवापासनं बोलत न्हायस. मुकी हायस?"

मी मान हलवली. नाही म्हणून घशाला हात लावला. "ऑपरेशन," मी म्हणाले. घोगरं, फाटकं काहीतरी निघालं. ती उठून माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं कान माझ्या तोंडाजवळ आणला. तिच्या लुगड्याला गवताचा वास होता.

"कंच्या गावची?"

"उरणकडची."

"मंग तुमची बी गेली आसंल."

मी मान हलवली.

"ह्यो तुजा कोन?"

"भाऊ."

"सख्खा?"

"सख्खा."

"मंग तूच सांग. ह्यो कशाला आलाय हिथं?"

भाऊ समोरच होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली, दुसऱ्या कुणाला कळणार नाही इतकी. लहानपणी काही मोडलं-तोडलं की तो अशीच मान हलवायचा आणि मी आईला सांगायचे नाही.

"जमीन बघायला," मी म्हणाले.

"तुला ठावं व्हतं?"

"न्हाय," मी म्हणाले. तीस वर्षांत शाळेत-घरात कधी न वापरलेला आमच्या आजीचा शब्द तोंडातून आला. "आता डोंगरावर कळलं."

म्हातारीनं मान वर केली आणि मफलरवाल्याला खूण केली. भावानं मुकाट्यानं फोन दिला. मफलरवाल्यानं एकेक फोटो काढून टाकला. त्याला चष्मा लागत होता, तो त्याच्याकडे नव्हता, म्हणून फोन लांब धरून तो काम करत होता. अर्धा तास गेला. शेवटी ॲपही काढून टाकलं. तेवढ्या वेळात म्हातारीच्या एका सुनेनं मला तांब्यात पाणी आणून दिलं. भावाला कुणी विचारलं नाही. मी अर्धं पिऊन तांब्या त्याच्यापुढे केला. त्यानं घेतला नाही.

सायकली परत आणल्या. "बघून घ्या," मफलरवाला म्हणाला. "हात लावला न्हाय आमी कशाला." खरंच काही झालं नव्हतं. निघताना त्या सुनेनं माझ्या वहीत एक नंबर लिहून दिला. "तुमच्यावानी आनखी कोन यायचं आसंल आनि कानावर आलं, तर कळवा."

मोटरसायकल दिघीच्या धक्क्यापर्यंत आमच्या मागे आली. आम्ही बोटीत चढेपर्यंत तो माणूस इंजिन चालू ठेवून थांबला होता.

खाडीच्या मध्यावर भाऊ बोलला. "तुझ्यामुळे माझं काम गेलं, ताई. समजतंय ना तुला?"

"मला का आणलंस?"

"एकटा माणूस फिरला की संशय येतो. बहीण-भाऊ सायकलवर असले की येत नाही." मग म्हणाला, "आणि तुला बरं वाटावं म्हणूनही आणलं. दोन्ही खरं आहे."

मला त्याचं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त लागलं. कारण ते खरं होतं.

"आपली गेली तेव्हा कुणी विचारलं आपल्याला?" तो पुढे म्हणाला. "मेलो का आपण? त्याच पैशातून तुझं डी.एड. झालं. यांचीही जाणारच आहे. मी नाही तर दुसरा कुणी मोजेल."

आता गप्प बसायला मला घशाचं कारण लागत नव्हतं.

बोट आगरदांड्याला लागत होती तेव्हा तो सायकलचा स्टँड वर करत सहज म्हणाला, "आणि फोनमधले काढले म्हणजे गेले असं नसतं. माथ्यावर चांगली रेंज होती. सगळे पोचलेत."

त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती. थकवा होता. पण मला उमगलं, म्हातारी माझ्या तोंडाशी कान लावून बसली होती तेव्हा ते फोटो आधीच कुठल्यातरी कार्यालयात पोचलेले होते, आणि तो ओट्यावर बसून हे जाणत होता.

मुरूडहून आम्ही वेगवेगळ्या बसनं आलो. सायकली टपावर.

पनवेलला आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, नवरा ऑफिसला गेल्यावर, मी वहीतला नंबर लावला. सुनेनं उचलला. माझा आवाज तिला कळेना. मला तेच वाक्य तीनदा म्हणावं लागलं. फोटो गेले. फोटो वरूनच गेले. तिनं फोन म्हातारीला दिला.

"आमाला वाटलंच व्हतं," म्हातारी म्हणाली. मागे कुणीतरी भांडी घासत होतं. "किती दिसांत येतील मोजायला?"

"माहीत नाही."

"तुज्यावर राग न्हाय, बाय. पन हिकडं येऊ नको आता."

त्यानंतर आठवडाभर माझा आवाज पूर्ण गेला. डॉक्टर चिडले. मी काय बोलले होते ते त्यांना सांगितलं नाही.

भावाचं काम गेलं नव्हतं. मार्चमध्ये त्याचा मेसेज आला की त्याला आता दक्षिणेकडचा भाग दिला आहे, रत्नागिरीच्या बाजूचा. खाली विचारलं होतं, घसा कसा आहे. मी लिहिलं, बरा. एवढंच लिहिलं.

मे महिन्यात एका रविवारी मी पुन्हा तो नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग एका अनोळखी बाईनं उचलला, सुनेचा आवाज नव्हता.

"कोन पायजे?"

मी म्हणाले, "आजी आहेत का?"

"कंची आजी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, तासभर त्या ओट्यावर बसून मी कुणाचंच नाव विचारलं नव्हतं. मी गावाचं नाव सांगितलं, देवळाचं सांगितलं, डोंगराचं सांगितलं. पलीकडे ती बाई ऐकत होती. मागून मोठ्या यंत्राचा आवाज येत होता, मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. ते यंत्र रस्त्याचं होतं की भाताच्या गिरणीचं, मला सांगता येणार नाही.

"तुमी कोन बोलताय?" तिनं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत फोन बंद झाला. मी पुन्हा लावला. तो लागला नाही.